लाइव्ह चॅटमधला मेसेज काढताना: मॉडरेटरांचे नेहमीचे प्रश्न

कबड्डीचे सामने, बैलगाडा शर्यती, गणपतीची आरती, कीर्तन, गेमिंग, परीक्षेचे वर्ग असे काहीही यूट्यूबवर किंवा ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर थेट दाखवणाऱ्या चॅनेलांच्या मॉडरेटरांसाठी, म्हणजे चॅटवर लक्ष ठेवणाऱ्यांसाठी, हे पान आहे. चॅटमधला एकच मेसेज काढण्याची सोय दोन्हीकडे आहे. दिसायला ते एक बटण आहे, पण त्याने काय होते आणि काय होत नाही हे माहीत नसले की एक तर नको तेवढे काढले जाते, नाहीतर काढायलाच हवे ते तसेच राहते. आमचे म्हणणे आधीच सांगून ठेवतो: पहिल्यांदा मेसेज काढा, माणसाला काढायचे की नाही ते नंतर ठरवा, आणि जे काढले त्याची नोंद ठेवा.

मेसेज कुठून काढायचा?

यूट्यूबवर कॉम्प्युटरवरून चॅट बघत असाल तर मेसेजच्या उजवीकडे तीन ठिपके दिसतात, त्यात काढण्याचा पर्याय आहे. मोबाइलवर मेसेजवर टॅप केले की तोच पर्याय येतो. ट्विचवर मॉडरेटरला प्रत्येक नावाशेजारी छोटी चिन्हे दिसतात: एक बॅनचे, एक टाइमआउटचे आणि एक फक्त तो मेसेज पुसण्याचे. ही तिन्ही एकमेकांना चिकटून असतात. चॅट वेगात असताना घाई केली तर भलत्याच माणसावर बॅन पडतो. म्हणून चॅट थोडा वर सरकवा म्हणजे तो थांबतो, मग नाव वाचा आणि मगच क्लिक करा. दोन सेकंद जातात, जाऊ द्यात.

डिलीट, टाइमआउट, बॅन आणि हाइड यांत फरक काय?

डिलीट मेसेजला लागू होतो, बाकीचे तिन्ही माणसाला. हा फरक डोक्यात पक्का असला की निम्मे निर्णय आपोआप होतात.

डिलीट केल्यावर तो एक मेसेज जातो. लिहिणारा पुढच्याच क्षणाला पुन्हा लिहू शकतो.

टाइमआउट दिला की तो माणूस ठरावीक वेळ लिहू शकत नाही. ट्विचवर ही वेळ १ सेकंदापासून २ आठवड्यांपर्यंत ठेवता येते आणि वेळ न लिहिता कमांड दिली तर १० मिनिटे धरली जातात. ट्विचच्या टाइमआउटमध्ये आणखी एक गोष्ट होते, जी नवीन मॉडरेटरांच्या लक्षात येत नाही: त्या माणसाचे चॅटमध्ये दिसत असलेले आधीचे मेसेजही जातात. एका वाक्यासाठी टाइमआउट दिला तर त्याने आधी विचारलेला चांगला प्रश्नही पुसला जातो. एकच मेसेज काढण्याची सोय नव्हती तेव्हा ट्विचचे मॉडरेटर १ सेकंदाचा टाइमआउट देऊन काम भागवत. त्याला ते पर्ज म्हणत. जुन्या मॉडरेटरांच्या हाताला अजून ती सवय असते. आता तिची गरज फक्त एकाच माणसाने दहा-पंधरा ओळी ओतल्या असतील तेव्हा.

बॅन कायमचा, म्हणजे कोणी उठवेपर्यंतचा. ट्विचवर चॅनेलने सोय चालू ठेवली असेल तर बॅन झालेला माणूस तो उठवण्याची विनंती करू शकतो. ही सोय चालूच ठेवा.

यूट्यूबवरचा हाइड वेगळा आहे. हाइड केलेल्या माणसाला तसे कळवले जात नाही. तो लिहीत राहतो, पण त्याचे लिहिणे इतरांना दिसत नाही, आणि हे फक्त त्या लाइव्हपुरते नसून त्या चॅनेलवरच्या कमेंटनाही लागू होते. फसवणुकीच्या लिंका टाकणाऱ्या खात्यांसाठी हे उत्तम आहे. रागाच्या भरात एक वाक्य बोलून गेलेल्या गावच्या पोराला हाइड करणे मात्र आम्हाला मान्य नाही. त्याला आपले काय चुकले हे कधीच कळणार नाही, आणि तो वर्षभर कोणी ऐकत नसताना बोलत राहील.

एकेक मेसेज काढून खरेच काही फरक पडतो का?

पडतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ट्विचच्या चॅटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की चॅटमधली माणसे समोरच्याचे बघून वागतात, आणि मॉडरेटरसारख्या मान असलेल्या लोकांचे जास्त बघतात. एखाद्या वागण्यावर कारवाई झालेली दिसली की ते वागणे काही काळ कमी होते. म्हणजे मेसेज काढण्याचा उपयोग लिहिणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्या शेकडो लोकांसाठी जास्त आहे. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की मॉडरेटर स्वतः चॅटमध्ये कसे बोलतो ते डिलीटच्या बटणाइतकेच महत्त्वाचे. मॉडरेटरनेच समोरच्या संघाची टिंगल केली तर त्याने काढलेल्या मेसेजला कोण किंमत देणार?

मेसेज काढला तरी काहींना तो दिसतोच. असे का?

कारण चॅट आधीच त्यांच्या यंत्रावर पोहोचलेला असतो. डिलीट केल्यावर प्लॅटफॉर्म सगळ्यांना एक सूचना पाठवतो: अमुक क्रमांकाचा मेसेज लपवा. यूट्यूबचे आणि ट्विचचे स्वतःचे ॲप ती सूचना पाळते. पण ट्विचचा चॅट वाचायला लोक बाहेरचे प्रोग्रॅमही वापरतात. चॅटरिनो हा त्यातला एक नावाजलेला, आणि त्यात काढलेला मेसेज फिकट होऊन समोरच राहतो. शिवाय स्क्रीनशॉट घेणाऱ्याने तो घेतलेलाच असतो.

म्हणून एखाद्याचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता कोणी चॅटमध्ये टाकला, तर मेसेज काढून विषय संपत नाही. ज्याचा नंबर आहे त्याला लगेच कळवा.

लोकांनी वाचायच्या आत काढायचे असेल तर ट्विचवर एक चांगली सेटिंग आहे. साध्या प्रेक्षकांना चॅट २, ४ किंवा ६ सेकंद उशिरा दाखवता येतो, मॉडरेटरांना मात्र तो लगेच दिसतो. तेवढ्या वेळात काढलेला मेसेज लोकांपुढे येतच नाही. लहान मुलांच्या कार्यक्रमांना ही सेटिंग लावाच.

चॅटमधून काढला, पण व्हिडिओच्या स्क्रीनवर तसाच राहिला. काय करू?

हा प्रश्न ओबीएस हा लाइव्ह पाठवण्याचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचा. व्हिडिओच्या कोपऱ्यात चॅट दाखवायला ब्राउझर सोर्स म्हणून एक वेगळे पान लावलेले असते. ते पान नवे मेसेज घेते, पण डिलीटची सूचना घेते की नाही हे ते कोणी आणि कसे बनवले यावर आहे. घेत नसेल तर शिवी स्क्रीनवर सावकाश वर सरकत जाते, आणि ती आता व्हिडिओचा भाग झालेली असते. चॅट साफ केला तरी रेकॉर्डिंगमधून ती जात नाही. व्हिडिओच कापावा लागतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खासगी लाइव्ह लावून तपासा: दुसऱ्या खात्यावरून मेसेज टाका, काढा, आणि स्क्रीनवरून जातो का ते बघा. नुसता मेसेजच नाही, त्याच खात्याला टाइमआउट देऊनही बघा, कारण त्या दोन्हींच्या सूचना वेगळ्या असतात. एक हाताळली आणि दुसरी राहिली असे सर्रास होते. मेसेज मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज लावलेला असेल तर त्याला आधी काही सेकंदांची थांब द्या. एकदा बोलले गेलेले काढता येत नाही.

किती जुना मेसेज काढता येतो? आणि कोणाचा काढता येत नाही?

बॉटकडून (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमकडून), म्हणजे ट्विचच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमने ट्विचला विनंती पाठवण्याच्या सोयीतून) काढायचा असेल तर मेसेज गेल्या ६ तासांतला हवा. चॅनेलच्या मालकाचा आणि दुसऱ्या मॉडरेटरचा मेसेज काढता येत नाही. एखादा मॉडरेटरच बिघडला तर मालकाने त्याचे मॉडरेटरपद काढायचे, मग त्याचे मेसेज. यूट्यूबवर चॅनेलचा मालक किंवा त्याने नेमलेला मॉडरेटर मेसेज काढू शकतो.

आम्ही स्वतःचा बॉट लिहितो आहोत. काय सांभाळायचे?

आधी ट्विच. पूर्वी बॉट आयआरसी या जुन्या चॅट-पद्धतीच्या जोडणीवरूनच डिलीट, टाइमआउट, बॅन अशा कमांड पाठवत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विचने ते बंद केले. चॅटच्या चौकटीत हाताने लिहिलेल्या कमांड अजून चालतात, बॉटला मात्र हेलिक्स या ट्विचच्या एपीआयकडे जावे लागते. इंटरनेटवर सापडणारे बरेचसे जुने नमुने याच कारणाने चालत नाहीत, आणि काही तर चूक न दाखवता गप्प बसतात.

मेसेज काढायच्या विनंतीत तीन गोष्टी जातात: चॅनेलच्या मालकाचा आयडी, मॉडरेटरचा आयडी आणि मेसेजचा आयडी. यातला मेसेजचा आयडी ऐच्छिक आहे. तो दिला नाही तर त्या चॅनेलचा सगळा चॅट पुसला जातो. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण या एपीआयमधला सगळ्यात घातक खड्डा तोच आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी आयडी ठेवायचा राहिला, रिकामा गेला, की एका शिवीच्या जागी हजार लोकांचे बोलणे एका फटक्यात जाते. विनंती पाठवण्याच्या अगदी आधी तपासा: आयडी आहे का, रिकामी जागा तर नाही ना. नसेल तर विनंती पाठवूच नका आणि लॉगमध्ये तसे लिहा. सगळा चॅट पुसायची सोय खरोखर हवी असेल तर तिच्यासाठी वेगळे फंक्शन आणि वेगळे बटण ठेवा. एकाच फंक्शनने दोन्ही कामे करू नयेत.

काम झाले तर उत्तरात २०४ हा संकेतांक येतो आणि सोबत मजकूर काहीच नसतो. त्या रिकाम्या उत्तराला चूक समजणारे बॉट आम्ही पाहिले आहेत. ४०४ आले तर मेसेज सापडला नाही किंवा ६ तासांपेक्षा जुना आहे. ४०३ आले तर ज्या खात्याच्या नावाने विनंती गेली ते त्या चॅनेलचे मॉडरेटर नाही. ४०४ वर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. बहुतेक वेळा दुसऱ्या मॉडरेटरने तो मेसेज आधीच काढलेला असतो, म्हणजे काम झालेलेच आहे.

नोंद ठेवायची असेल तर इव्हेंटसबमधली, म्हणजे ट्विच बॉटला घडामोडी कळवते त्या सोयीतली, कोणती सूचना घेता याकडे लक्ष द्या. मेसेज काढल्याच्या साध्या सूचनेत मेसेजचा आयडी आणि लिहिणाऱ्याचा आयडी येतो, मजकूर येत नाही. कोणत्या मॉडरेटरने काय केले आणि काय काढले हे मॉडरेशनच्या सूचनेत येते, पण ती घ्यायला मॉडरेटरची परवानगी लागते.

यूट्यूबच्या बाजूला अडचण कोट्याची, म्हणजे दिवसाला किती विनंत्या पाठवता येतात त्या मर्यादेची आहे. नव्या प्रोजेक्टला दिवसाला १०,००० युनिट मिळतात, आणि वाचण्यापेक्षा लिहिण्या-पुसण्याच्या विनंत्यांना जास्त युनिट लागतात. चॅट सतत वाचत राहण्यातही युनिट जातात, तेव्हा दोन विनंत्यांमध्ये किती थांबायचे हे यूट्यूब प्रत्येक उत्तरात सांगते ते पाळा. कोटा पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री नव्याने सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, आणि त्यांच्याकडे हिवाळ्याची वेळ असताना दीड. सकाळच्या आरतीला आणि दुपारच्या सामन्याला एकच बॉट वापरणाऱ्यांनी हा हिशेब करावा. कोटा संपला की बॉट गप्प होतो, हाताचे बटण चालूच राहते. म्हणून बॉट असला तरी एक माणूस चॅटपाशी हवाच.

अडवायच्या शब्दांची यादी बॉटला लावली आणि "महाराष्ट्र" लिहिलेले मेसेजच उडायला लागले. का?

यादीत कुठेतरी "महार" हा शब्द असणार. काही लोक जातींची नावे शिव्या समजून यादीत टाकतात, आणि बॉट त्या अक्षरांचा तुकडा कुठेही सापडला की मेसेज काढतो. मग "महाराष्ट्र" जातो, "महाराज" जातो, शिवजयंतीच्या लाइव्हमधला जवळजवळ प्रत्येक मेसेज जातो.

यात दोन चुका आहेत, आणि तांत्रिक चूक त्यातली लहान आहे. मोठी चूक ही की जातीचे नाव ही शिवी नाही. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला लोक येतात, त्याचे लाइव्ह असते. १८१८ च्या लढाईतल्या महार सैनिकांबद्दल त्या चॅटमध्ये लिहायचे नाही तर कुठे लिहायचे? महार रेजिमेंट भारतीय लष्करात आहे. असे नाव यादीत टाकणारा मॉडरेटर ज्यांचा अपमान थांबवायला निघाला, त्यांचेच तोंड बंद करतो. जातींची नावे यादीतून आजच्या आज काढा.

लहान चूक अशी सुधारा. "साला" यादीत असेल तर "मसाला" अडकतो आणि "सालाबादप्रमाणे"ही अडकतो, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी लिहिलेले स्वागतच उडाले. शब्दाच्या सीमा बघायला प्रोग्रॅमर बॅकस्लॅश बी वापरतात. जावास्क्रिप्टमध्ये ती खूण फक्त रोमन अक्षरे ओळखते, देवनागरीत तिचा उपयोग नाही. पायथनमध्ये देवनागरी अक्षरे ओळखली जातात, पण काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर धरले जात नाही, त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द संपला असे त्याला वाटते. दोन्हीकडे स्वतःच सांगावे लागते की युनिकोडमधली (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातली) अक्षरे आणि त्यांना लागणाऱ्या खुणा मिळून शब्द होतो, आणि ते दोन्ही नसतील तिथे सीमा.

शब्द यादीत आहे, तरी तो सुटतो. कसा?

मराठीत याची दोन कारणे.

पहिले कारण विभक्ती. "गाढव" यादीत आहे आणि पूर्ण शब्दच पकडायचा असे ठरवले, तर "गाढवा", "गाढवाला", "गाढवांनो" सगळे सुटतात. चॅटमध्ये शिवी बहुधा हाक मारूनच दिली जाते, त्यामुळे संबोधनाचे रूप यादीत आधी हवे. ज्या शब्दांचे रूप बदलते त्यांची दोन्ही रूपे हाताने लिहा: "भिकारी" आणि "भिकाऱ्या". मूळ शब्दापुढे वाटेल ते चालेल असे लिहू नका, नाहीतर "सालाबाद" पुन्हा अडकेल. ठरावीक प्रत्ययांची यादी करा आणि तेवढेच चालू द्या.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. "भिकाऱ्या"मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त आणि मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. कोणता प्रकार उमटेल ते कीबोर्डवर ठरते. युनिकोडच्या नेहमीच्या एकरूपीकरणाने हे दोन एक होत नाहीत. "ॲ" या अक्षराचेही तसेच: एक आख्खे अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन केलेले.

उपाय क्रमाने करावा लागतो. आधी र, हलन्त, जॉइनर ही जोडी शोधून ती टिंबवाल्या ऱ मध्ये बदला. त्यानंतर उरलेली अदृश्य चिन्हे काढून टाका. उलट क्रमाने केलेत तर "सुऱ्या"चा "सुर्या" होईल आणि चाकू-सुऱ्यांबद्दल लिहिणारा सूर्याच्या ओळीत जाऊन बसेल. खोडसाळ लोक शब्दाच्या मध्ये मुद्दाम अदृश्य चिन्ह घालून यादी चुकवतात, तेही या साफसफाईत पकडले जाते. ही साफसफाई मेसेजवर आणि यादीवर, दोन्हींवर चालवा.

रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीचे काय?

तिथे यादी पुरी पडत नाही. एकच शब्द लोक पाच-सहा प्रकारे लिहितात, स्वर गाळतात, अक्षरे ताणतात. नेहमी दिसणारी रूपे यादीत घाला आणि बाकीचे माणसावर सोडा. एक पथ्य पाळा: रोमन यादीतला शब्द इंग्रजीत किंवा हिंदीत साधा शब्द तर नाही ना, हे बघून मगच टाका.

दोन गावांचे पाठीराखे एकमेकांवर घसरतात. किती चालू द्यायचे?

शर्यतीच्या घाटात आणि कबड्डीच्या मैदानावर चिडवाचिडवी असतेच, ती असल्याशिवाय रंगत नाही. "तुमचा गडी दमला", "बैल झोपला काय", हे राहू द्या. आमची रेघ अशी आहे: खेळावर, खेळाडूच्या खेळावर, निकालावर, पंचाच्या निर्णयावर बोलले तर राहील. जातीवर, धर्मावर, आईबहिणीवर, शरीराच्या व्यंगावर आले की जाईल. कोणी सुरू केले हे बघत बसायचे नाही, दोन्हीकडचे जाईल.

अवघड जागा इथे येते की मराठीत जातीवरचा शेरा पुष्कळदा शिवी न वापरताच मारला जातो. आडनाव विचारायचे. गल्लीचे किंवा वस्तीचे नाव घ्यायचे. "सवलतीवाले" म्हणायचे. एखाद्याच्या आजोबांचा धंदा काढायचा. यातला एकही शब्द कोणत्याच यादीत बसत नाही, आणि बॉटला ते कधीच कळणार नाही. त्या गावात, त्या भागात वाढलेला माणूसच ते एका वाचनात ओळखतो. म्हणून मॉडरेटर दोन्ही गावांतले आणि वेगवेगळ्या समाजांतले हवेत. एकाच गल्लीतल्या चार मित्रांना मॉडरेटर केले तर चौघांनाही एकच गोष्ट टोचते आणि चौघांनाही एकच गोष्ट दिसत नाही. मॉडरेटरांमध्ये बाई असणे याच कारणाने गरजेचे आहे.

अशा मेसेजबद्दल खात्री नसेल तर? काढा आणि मॉडरेटरांच्या ग्रुपमध्ये विचारा. ज्याच्यावर तो शेरा होता त्याने तो वाचत बसावा आणि आपण चर्चा करत राहावी, हे बरोबर नाही.

चॅनेलवर केलेली टीका काढायची का?

नाही. "आवाज नीट येत नाही", "समालोचक एका बाजूचा आहे", "आयोजकांनी बक्षिसाचे पैसे अजून दिले नाहीत" हे सगळे राहिले पाहिजे. आयोजकांचा फोन आला तरी. एकदा टीका काढायला लागलात की पुढे शिवी काढली तरी लोक म्हणणार, हे काढतातच.

धमकीचा मेसेज आला. लगेच काढू की ठेवू?

आधी स्क्रीनशॉट, लगेच पुढे डिलीट. मेसेज एकदा गेला की पोलिसांना दाखवायला तुमच्या हाती फारसे काही उरत नाही.

स्क्रीनशॉटमध्ये मेसेज, नाव आणि वेळ दिसू द्या, आणि लाइव्हची लिंक सोबत लिहून ठेवा. नुसते नाव पुरत नाही. यूट्यूबवर हँडल बदलता येते, चॅनेल आयडी बदलत नाही. ट्विचवरही नाव बदलता येते, युजर आयडीचा आकडा तोच राहतो. त्या माणसाच्या पानावर जाऊन लिंक जपून ठेवा. नंतर प्लॅटफॉर्मकडे तक्रारही करा, कारण तुम्ही काढलेला मेसेज फक्त तुमच्या चॅनेलवरून जातो, ते खाते तसेच राहते.

जिवे मारण्याची किंवा अब्रूची धमकी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली येते. ऑनलाइन पाठलाग करून बाईला त्रास देणे कलम ७८ खाली येते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून जाहीर अपमान केला तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. चॅटमधल्या लिंकवरून कोणाचे पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायला सांगा. प्रकरण कोर्टात गेले तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून स्क्रीनशॉट ज्या फोनवर घेतला त्यातून तो पुसू नका आणि कापू-रंगवू नका.

तक्रार करायची की नाही हे मात्र ज्याच्यावर धमकी होती त्याने ठरवायचे. आपण पुरावा जपायचा आणि सोबत राहायचे.

काढल्यावर कारण सांगायचे का?

सांगा, थोडक्यात. जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये रेडिट या चर्चांच्या साइटवरच्या काढलेल्या पोस्टचा अभ्यास केला. कारण सांगितले गेले तिथे पुढच्या पोस्ट काढाव्या लागण्याची शक्यता कमी झालेली दिसली. लाइव्ह चॅटचा वेग वेगळा असला तरी माणसे तीच. "जातीवरून बोलू नका, खेळावर बोला" एवढे पुरे. नाव घेऊन चारचौघांत झापू नका, आणि काढलेले वाक्य पुन्हा लिहून दाखवू नका. तसे केले तर काढले कशाला?

ट्विचवर २०२४ पासून इशारा देण्याची सोय आहे. इशारा मिळालेल्याला तो वाचल्याचे मान्य केल्याशिवाय पुढे लिहिता येत नाही. पहिल्या चुकीला डिलीट, दुसऱ्या चुकीला इशारा, तिसऱ्या चुकीला टाइमआउट, असा क्रम आम्ही सुचवतो. फसवणूक, धमकी आणि मुलांबद्दलचे अश्लील बोलणे यांना हा क्रम लागू नाही, तिथे सरळ बॅन.

एकदम शेकडो खाती येऊन तेच तेच लिहायला लागली तर?

तेव्हा एकेक मेसेज काढत बसू नका, हात पुरणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ट्विचवर कृष्णवर्णीय आणि एलजीबीटी स्ट्रीमरांच्या चॅटमध्ये बॉटच्या झुंडी घुसवून द्वेषाचे मेसेज ओतले गेले. त्याला हेट रेड म्हणतात. निषेध म्हणून १ सप्टेंबर २०२१ ला अनेक स्ट्रीमरांनी ट्विचवर एक दिवसाचा बहिष्कार घातला. त्याच महिन्यात ट्विचने अशा दोन खात्यांमागच्या लोकांवर कॅलिफोर्नियात दावा लावला, आणि चॅटमध्ये लिहिण्याआधी फोन किंवा ईमेल पडताळणी सक्तीची करण्याची सोय चॅनेलांना दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये शील्ड मोड आला. एका बटणाने सगळी कडक सेटिंग लागतात, आणि विशिष्ट वाक्य लिहिणाऱ्या सगळ्यांना एकदम बॅन करता येते. ही सगळी अवजारे ज्यांनी तो मार खाल्ला त्यांच्या मागणीतून आलेली आहेत.

यूट्यूबवर अशा वेळी स्लो मोड लावा (म्हणजे एका माणसाला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबावे लागते), चॅट सबस्क्राइबरांपुरता करा, लिंका अडवा, आणि तेच वाक्य अडवलेल्या शब्दांच्या यादीत टाका. पाच मिनिटे चॅट बंद ठेवला तरी चालेल. गाणे, सामना, कीर्तन चालूच राहते.

चुकून भलताच मेसेज काढला. परत आणता येतो का?

नाही, काढलेला मेसेज पुन्हा सगळ्यांना दिसेल असे करण्याचे बटण नाही. "तुमचा मेसेज चुकून गेला, पुन्हा लिहा" असे त्याच्या नावाने चॅटमध्ये लिहा. बहुतेक लोक आनंदाने पुन्हा लिहितात. टाइमआउट किंवा बॅन चुकून दिला असेल तर तो मात्र लगेच उठवता येतो.

नोंद कशाची आणि किती दिवस?

काढलेला मजकूर, वेळ, कोणी काढला आणि एका ओळीत कारण. ट्विचवर युजर कार्डमध्ये मागचे मेसेज, टाइमआउट आणि मॉडरेटरांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या टिपा एका जागी मिळतात, ती सोय वापरा. यूट्यूबसाठी साधी शीट पुरते. ही शीट मॉडरेटरांपुरतीच ठेवा. तिच्यात लोकांच्या वाईट क्षणांतली वाक्ये आहेत, ती व्हॉट्सॲपवर फिरवायची नसतात. मोसम संपला आणि कोणती तक्रार चालू नसली की शीट पुसून टाका. धमकीचे आणि तक्रारीचे पुरावे तेवढे वेगळे ठेवा.

मॉडरेटरने स्वतः किती वेळ बसावे?

दोघांनी आलटून पालटून बसा, म्हणजे एक जण चहा-जेवणाला उठू शकतो. अंतिम सामन्याला किंवा विसर्जनाच्या रात्री, जेव्हा चॅट सगळ्यात वेगात असतो, तेव्हा तिसरा माणूस ठेवा आणि त्याला फक्त पुराव्याचे स्क्रीनशॉट घेण्याचे काम द्या. एखादा मेसेज वाचून कोणाचे हात थरथरायला लागले तर त्याला पुढचे बसवू नका. तो स्वतःहून सांगणार नाही, तुम्ही विचारा.